तेलाच्या हातांनी फोन उघडत नाही

तेलाच्या हातांनी फोन उघडत नाही. अंगठा कितीही दाबला तरी तो ओळखत नाही, आणि पॅटर्न काढायला गेलं तर बोट घसरतं. मी बावीस वर्षं बाळ-बाळंतिणींना मालिश करते. म्हणजे सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत माझे हात तेलातच असतात. त्या वेळात फोन वाजला तर मी वाजू देते. पण गेल्या वर्षी याच फोनपायी माझा असा जळफळाट झाला होता की तो कुठेतरी लिहून ठेवावासा वाटतो. मुलीच्या कॉलेजच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी आहेत. माझी शाळा चौथीपर्यंत. बोलायला मला जमत नाही, चारचौघांत तर नाहीच. लिहायला जमतं.

आमचं काम लोकांना सोपं वाटतं. तेल लावायचं, पाणी घालायचं, झालं. पण आधी आई, मग बाळ. आईची कंबर, पाय, पोटऱ्या. पोट फार दाबायचं नाही, आणि सिझर असेल तर टाक्यांच्या आसपास हातसुद्धा न्यायचा नाही. मग बाळ. मी पाटावर पाय लांब करून बसते, बाळाला नडगीवर पालथं घेते, पाणी आधी स्वतःच्या कोपरावर घालून बघते. पाणी घालायला दुसरं कोणी असेल तर बरं, नसेल तर एका हाताने बाळ धरायचं आणि एका हाताने तांब्या. बाळ पायावर असताना घरात काहीही होऊ दे, उठायचं नाही. पूर्वी धुरी असायची, ओवा आणि वावडिंग निखाऱ्यावर टाकायचं. आता डॉक्टर नको म्हणतात. बाळाच्या नाकाकानात तेल घालायचंही मी सोडलं. आधी किती बाळांना घातलं ते आठवून वाईट वाटतं. तेव्हा कळत नव्हतं.

एक खरं सांगते. मला बाळंतिणींचा हेवा वाटतो. पहिल्यापासून वाटत आलाय. मी चाळीस-चाळीस दिवस दुसरीला झोपवून तिची कंबर शेकते, आणि माझी मुलगी झाली तेव्हा, हे काम धरायच्या आधी, मी तेराव्या दिवशी अंबरनाथला एका कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवत उभी होते. बाळंतिणीची आई खारीक-डिंकाचे लाडू घेऊन येते, "खा गं, अंगात ताकद यायला हवी" म्हणते, तेव्हा मी खाली बघून पोटरी चोळत असते. हात जरा जास्तच जोरात चालतो. त्या म्हणतात, "मावशी, तुमच्या हाताला काय जोर आहे हो." तो जोर कशाचा, ते मी सांगत नाही.

नेटचं काम कसं चालतं ते मला पहिल्यांदा उल्हासनगरला कळलं. तिथे एका सिंधी घरात सून बाळंतीण होती. ती घरातून कुर्ते विकायची, लॅपटॉपवर ऑर्डरी घ्यायची. सहाव्या दिवशीच मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप. सासू ओरडायची, "अरे, पीठ तो सीधी कर." एकदा त्यांचं वायफाय बंद पडलं आणि तिच्या नवऱ्याने मला विचारलं, "मौसी, तुम्हारे फोन में नेट है?" मी नुसती मान हलवली. त्याने माझा फोन घेतला, काहीतरी दाबलं, आणि सुनेचा लॅपटॉप चालू झाला. माझा फोन पिशवीत, पिशवी खुंटीला, आणि काम चाललंय पलंगावर. मला ते शेगडीसारखं वाटलं. शेगडी एका कोपऱ्यात असते आणि ऊब खोलीभर. लांब गेलं की ऊब कमी.

त्या माणसाने मला सगळं नीट समजावलं. मला कोणी काही समजावत नाही, म्हणून ते लक्षात राहिलं. फोनला एक नाव द्यायचं, एक पासवर्ड द्यायचा. लॅपटॉपला ते एकदा सांगितलं की पुढच्या वेळी तो आपणहून धरतो. पुढे त्याने स्वतःचा फोन बदलला, तेव्हा नव्या फोनला जुन्याचंच नाव आणि पासवर्ड दिला. त्याच्या दुकानातल्या सगळ्या मशिनी बिनबोभाट चालू. मी विचारलं, "फोन तो दूसरा है ना?" तो म्हणाला, "लैपटॉप को क्या पता, मौसी? नाम वही, पासवर्ड वही, तो उसके लिए फोन भी वही."

हे वाक्य मी दोन वर्षं जपून ठेवलं. कशासाठी, ते तेव्हा माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी बदलापूरजवळ सोनिवलीला नव्या इमारतीत एक बाळंतपण मिळालं. केतकीताई, पहिलं बाळ, मुलगी. माहेरी आलेली. तिची आई, मी काकू म्हणायची त्या, माणूस चांगलं, पण हातात संधिवात. केतकीताईची रजा थोडीच होती. दीड महिन्यातच ती घरून लॅपटॉपवर कामाला लागली. आमच्या भागात शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, कधी दुपारपर्यंत, कधी चारपर्यंत. लाइट गेली की त्या घरचं वायफाय जायचं, आणि त्यांच्या फोनच्या कंपनीची रेंजही जायची. माझ्या कंपनीचा टॉवर त्यांच्या इमारतीच्या मागेच होता आणि त्याला जनरेटर होता. आणि केतकीताईची आठवड्याची मीटिंग नेमकी शुक्रवारी दहाला.

पहिल्या शुक्रवारी ती रडकुंडीला आली. मी बाळाचं अंग पुसत होते. म्हटलं, "माझ्यात आहे." एवढंच म्हटलं. तिने माझा फोन घेतला. "मावशी, काय नाव देऊ?" मला कळेना. तिनेच इंग्रजीत लिहिलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा, मंदा." लॅपटॉपच्या यादीत माझं नाव होतं. रेशनकार्डावर आणि आधारावर असतं तसं मागे नवऱ्याचं नाव लावलेलं नव्हतं. नुसतं मंदा. तिने लॅपटॉपला हेही सांगून ठेवलं की हे नेट जपून वापर, कारण माझ्या फोनला दिवसाला ठरावीकच नेट येतं, संपलं की रांगायला लागतं.

त्यानंतर दर शुक्रवारी घरातले माझी वाट बघायचे. इतर दिवशी दहा मिनिटं उशीर झाला तरी चालायचं, शुक्रवारी काकू खिडकीत उभ्या. "आली गं आली, मंदा आली." बावीस वर्षांत माझ्यासाठी कोणी खिडकीत उभं राहिलेलं नव्हतं. मी गुरुवारी रात्रीच फोन पूर्ण चार्ज करून ठेवायची आणि शुक्रवारी मीटिंगआधी नेटला हात लावायची नाही. मुलगी म्हणायची, "आई, तुझी काय परीक्षा आहे का उद्या?"

मग मीच माझ्या पायावर धोंडा मारून घेतला. काकूंना पोळ्या जमेनात. "कोणी आहे का गं ओळखीची?" मी दीपालीचं नाव सांगितलं. दीपाली माझी धाकटी जाऊ. अंबरनाथला आमचं एकच घर, मधे पार्टिशन घालून दोन चुली. तिला कामाची गरज होती. दहावी झालेली, बोलकी, हसरी. कोणाच्याही घरात गेली की पाच मिनिटांत तिथलीच होते. सहा वर्षं ओळखीच्या बाईचंही नाव मला माहीत नसतं, तिला ते पहिल्या दिवशी कळतं.

तिने नवा फोन घेतला, कंपनी माझीच. त्याला नेट कितीही वापरा, संपत नाही. एका शुक्रवारी माझं नेट जरा अडकायला लागलं. केतकीताई म्हणाली, "दीपाली, तुझ्या फोनवर बघू?" आणि दीपालीचं नेट असं धावलं की केतकीताईच्या तोंडून निघालं, "अगं हे तर वायफायपेक्षा भारी आहे." दीपाली कणकेचे हात पुसत म्हणाली, "मग काय ताई, वापरा हो बिनधास्त." केतकीताईने लॅपटॉपला सांगितलं की हे नेट जपायची गरज नाही, हवं तेवढं घे. फोनचं नाव आणि पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून फ्रिजला चिकटवला, शनिवारी नवरा येतो त्याला लागला तर म्हणून.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण पुढच्या शुक्रवारी मीटिंग संपता संपता दीपाली चहा द्यायला आत गेली, आणि केतकीताईने तिला हाताला धरून पडद्यासमोर आणलं. चौकटीचौकटीतून माणसं बघत होती. "ही आमची दीपाली. हिच्यामुळे मी शुक्रवारी तुम्हाला दिसते." माणसं हसली, हात हलवले. दीपालीनेही हलवला. मी दोन हातांवर होते, बाळाला टॉवेलात गुंडाळत. आधी पाच शुक्रवार माझ्या नेटवर ती त्यांना दिसली होती. तेव्हा माझं नाव कोणाला सांगितलं नव्हतं.

मला बोलावलं असतं तर मी गेले नसते, हेही खरं. लाजेने बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले असते. पण बोलवायला हवं होतं.

त्या दिवशी घरी येताना रिक्षात दीपाली म्हणाली, "अक्का, तुम्ही गप्प का?"

"डोकं दुखतंय."

"मालिश करून देऊ का?" म्हणाली आणि स्वतःच हसली. तिच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात इतकं होतं की मी बाहेर बघत बसले.

सोमवारी मी फ्रिजवरची चिठ्ठी मुलीच्या जुन्या तिकिटाच्या मागे उतरवली. इंग्रजी अक्षरं मला एकेक करून येतात. रांगोळी बघून रांगोळी काढावी तशी ती मी बघून काढते. दीपालीच्या फोनचं नावही चिठ्ठीवर होतंच. घरी फोन घेऊन बसले आणि 'मंदा' एकेक अक्षर खोडलं. तिथे दीपालीचं नाव घातलं, तिचा पासवर्ड घातला. खोडताना मला काहीच वाटलं नाही. मला एवढंच दिसत होतं की लॅपटॉप आतल्या खोलीत, माझी पिशवी त्याच खोलीच्या दाराला, आणि दीपालीचा फोन लांब ओट्यावर. लॅपटॉप जवळचा फोन धरणार.

धरलाही. शुक्रवारी आल्याआल्या नेट चालू करून पिशवीत ठेवलेला माझा फोन गरम झालेला मला कापडातून कळत होता. मला कोण आनंद झाला. आणि मीटिंग संपल्यावर केतकीताईने हाक मारली, "दीपाली, थँक्यू गं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय करून बसले होते. नेट माझं, नाव तिचं. पण तिने पुढे म्हटलं, "आज जरा स्लो होतं हां तुझं," आणि स्वयंपाकघरातून दीपालीचा पडलेला आवाज आला, "असं कसं ताई, माझ्याकडे तर फुल्ल आहे." मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं. म्हणून मी नाव तसंच ठेवलं.

पुढचा शुक्रवार महत्त्वाचा होता. काकूंनी मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. केतकीताईचे मोठे साहेब मीटिंगला येणार होते. आणखी तीन महिने तिला घरून काम करू द्यायचं का, हे तेव्हाच ठरणार होतं. नाही म्हणाले तर तिला पुण्याला जाऊन ऑफिस गाठावं लागणार आणि सव्वातीन महिन्यांचं बाळ पाळणाघरात ठेवावं लागणार. काकू डोळे पुसत होत्या. "हिचं दूधसुद्धा नीट बसलं नाही अजून, मंदा."

त्या दिवशी तरी मी शहाणपण करायला हवं होतं. म्हणजे फोन बंद ठेवून जायला हवं होतं. पण मला वाटलं, एवढ्या मोठ्या दिवशी माझंच नेट असावं. नाव कोणाचंही असो, मला माहीत असेल.

दहाला मीटिंग सुरू झाली. मी आतल्या बाथरूममध्ये पाटावर, बाळ नडगीवर, अंगाला साय आणि डाळीचं पीठ चोळलेलं. दार अर्धं लोटलेलं. केतकीताईचा आवाज येत होता, इंग्रजीत, शांत. मग बाहेर दाराला लटकलेल्या पिशवीतून टिंगटिंग झालं. तो आवाज मला पाठ आहे. आजचं नेट संपलं की तो मेसेज येतो. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि माझं दिवसाचं नेट संपलं होतं, कारण लॅपटॉपला वाटत होतं की हा दीपालीचा फोन आहे, हवं तेवढं घे. तो मीटिंगही चालवत होता आणि मागे स्वतःचं काय काय उतरवूनही घेत होता.

केतकीताईचा आवाज थांबला. "हॅलो? सर, ऐकू येतंय? हॅलो?" मग मराठीत, जोरात, "दीपाली! काय केलंस? बंद केलंस का?"

"नाही हो ताई, चालू आहे. हे बघा."

"मग हे गोल का फिरतंय? आजच? मुद्दाम करतेस का तू?"

दीपालीशी असं कोणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ती नुसती "नाही ताई, नाही ताई" म्हणत होती. काकू आल्या, "अगं बघ ना जरा, हिच्या नोकरीचा प्रश्न आहे." 

माझा फोन बंद झाला की लॅपटॉप तिचा धरणार हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. उठावं तर बाळ पायावर, पिठाने निसरडं. हात तेलाने आणि सायीने माखलेले. फोन हातात आला असता तरी उघडला नसता. म्हणजे कोणालातरी सांगणं आलं. आणि जिला सांगायचं तिच्यापासूनच लपवलेलं होतं. बाळ माझ्याकडे मान वळवून बघत होतं. मी तांब्या उचलला, परत ठेवला. बाहेर केतकीताई रडायला लागल्याचं मला कळलं, कारण बाळंतिणीचं रडणं मी लांबूनही ओळखते.

"दीपे," मी हाक मारली. आवाज एवढा मोठा निघाला की बाळ दचकलं. "इकडे ये. माझी पिशवी घे."

ती दारात आली. डोळ्यांत पाणी. "काय अक्का?"

"माझा फोन काढ. उघड. आडवी रेघ आणि खाली. हॉटस्पॉट बंद कर."

"तुमचा कशाला?"

"बंद कर आधी."

तिने उघडला. हॉटस्पॉटच्या पानावर गेली आणि थबकली. तिथे तिचं नाव होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बाळाच्या पाठीकडे पाहिलं. मग तिने बंद केला.

दोन-चार श्वासांत केतकीताईचा आवाज आला, इंग्रजीत. साहेबांचाही आला. बोलणं पुढे सुरू झालं. मी बाळाला पाणी घातलं. पाणी कोमट राहिलं नव्हतं, पण फार गारही नव्हतं.

अर्ध्या तासाने केतकीताई बाहेर आली. तीन महिने मिळाले होते. तिने दीपालीचे दोन्ही हात धरले. "सॉरी गं. मी फार बोलले. काय केलंस पण? एकदम आलं."

मी दारातच होते, पदराला हात पुसत. आता ती सांगणार. मी पिशवी काखेत घट्ट धरली.

"काही नाही ताई," दीपाली म्हणाली. "ओट्यावर भांड्यांमागे ठेवला होता. खिडकीत ठेवला."

  रिक्षा अंबरनाथला आली तेव्हा दीपाली म्हणाली, "पासवर्ड फ्रिजवरनं घेतलात?"

"हो."

"मागितला असता तर दिला असता मी."

"माहीत आहे."

"मग?"

 मागायचा नव्हताच मला. ते तिला कसं सांगायचं?

"आणि स्वतःचं नाव का खोडलंत? चांगलं होतं की."

तिने मला झाकलं, म्हणून मी तिची आभारी असायला हवी. आहेही. पण त्या दिवसापासून मला तिचा आणखी एक हेवा वाटतो. तिच्या जागी मी असते तर मी सांगितलं असतं. सगळ्यांसमोर, आवाज चढवून. आयुष्यात तेवढ्या एका वेळी मला बोलायला जमलं असतं.

घरी येऊन मी फोनला माझं नाव परत घातलं. या वेळी मराठीत घातलं, मंदा. मराठीतलं चालतं, फोन काही म्हणत नाही. ती अक्षरं मला बघून काढावी लागली नाहीत.

पुढच्या महिन्यात माझी मालिश संपली. दीपालीच्या पोळ्या चालूच होत्या. शेवटच्या दिवशी काकूंनी ओटी भरली, साडी दिली. केतकीताई लॅपटॉप घेऊन बसली होती. म्हणाली, "मावशी, हे बघा, तुमचं पहिलं नाव अजून यादीत आहे. इंग्रजीतलं. काढून टाकू, की राहू दे?"

"राहू द्या," मी म्हटलं.

ती पडद्याकडे बघून हसली. "तुमचं आणि दीपालीचं, दोन्ही आहेत एकाखाली एक."

वर कोणाचं आहे, हे विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं. मी बाळाच्या पायाला शेवटचा हात लावला, साडी पिशवीत ठेवली आणि निघाले. जिना उतरेपर्यंत दोनदा वाटलं, परत जाऊन विचारावं.